धृपद कोणाचे?

आषाढीच्या वाटेवर, वाल्ह्याच्या पुढे, एका टाळकऱ्याला मी विचारले होते, ‘तुम्ही हौशी की व्यावसायिक?’ प्रश्न विचारताना माझ्या हातात वही होती आणि डोक्यात या लेखाचा पहिला आराखडा. त्याने माझ्याकडे पाहिले, टाळ उपरण्यात गुंडाळले आणि म्हणाला, ‘आम्ही माळकरी.’ मी वहीत उत्तराच्या जागी रेघ ओढली. प्रश्नच चुकीचा होता हे कळायला मला पुढे चार-पाच वर्षे लागली.

संगीतावर मराठीत लिहिणाऱ्यांना ही जोडी फार सोयीची वाटते. ‘हौस’ हा अरबीकडून आपल्याकडे आलेला शब्द. त्यात हव्यासाची छटा आहे, लाडाचीही आहे. ‘हौशी गायक’ म्हटले की सुटीच्या दिवशी पेटी काढणारा, सूर थोडा कमी-जास्त झाला तरी चालवून घ्यावा असा माणूस डोळ्यांपुढे येतो. उलट ‘धंदेवाईक’ या शब्दात तुच्छता आहे. ती लपवायला आपण ‘व्यावसायिक’ हा धुवून इस्त्री केलेला शब्द काढला. दोन्ही शब्द माणसाचे वर्णन करतात: हा अमुक, तो तमुक. पण ज्या ठिकाणी शिकलेले आणि न शिकलेले, बिदागी घेणारे आणि पदरमोड करणारे एकाच वेळी, एकाच तालात गातात, तिथे ही विभागणी माणसांची राहत नाही, कामांची होते. मराठी मुलखात असे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे वारकरी कीर्तन आणि दिंडीतले भजन. संगीतसमीक्षेने त्याकडे श्रद्धेने पाहिले, समाजशास्त्राने कुतूहलाने पाहिले. संगीत म्हणून मात्र फार थोड्यांनी पाहिले, असे माझे मत आहे.

आपल्याकडे हौशी-व्यावसायिकांच्या एकत्र येण्याचा इतिहास सांगितला जातो तो शहरातून. १८७० साली मुंबईत कैखुशरू काबराजींनी पारसी गायन उत्तेजक मंडळी काढली. १८७४मध्ये पुण्यात गायन समाज निघाला. १८८३ हे कोल्हापूरच्या देवल क्लबाचे स्थापनावर्ष. १९११मध्ये भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची मुहूर्तमेढ केली. पंडित भातखंडे पेशाने वकील. १८८४मध्ये ते पारसी मंडळीत दाखल झाले आणि तिथे व्यावसायिक गवयांकडून धृपदे शिकले. पुढे घराणेदार गायकांकडून मिळवलेल्या बंदिशी त्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या. हा सगळा इतिहास मोलाचा आहे आणि तो नाकारण्याचे मला कारण नाही. पण या सभांमध्ये दोन पक्ष बसत कसे होते? एकाने गायचे, दुसऱ्याने ऐकायचे. एकाने शिकवायचे, दुसऱ्याने शिकायचे आणि शिकून झाल्यावर पहिल्याला सुधारायचे. पुणे गायन समाजाने १८८७ साली ‘हिंदू म्युझिक अँड द गायन समाज’ हे पुस्तक काढले ते इंग्रजीत. ते कोणाला दाखवण्यासाठी होते हे भाषेवरूनच उघड आहे. प्रतिष्ठित घरांतल्या मंडळींना संगीताची गोडी लागावी हा हेतू, आणि त्या गोडीत ज्या स्त्रियांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात सांभाळली त्यांना सन्मानाची जागा नव्हती. जानकी बाखले यांच्या २००५च्या ‘टू मेन अँड म्युझिक’ या ग्रंथाने या घडामोडीची चिकित्सा केली आणि त्यावर वादही झाले. वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली: संगीताचा आधुनिक इतिहास म्हणजे शाळा आणि रंगमंच यांचा इतिहास. ज्या रात्री पुण्यात गायन समाजाचा जलसा होत असेल, त्याच रात्री भोवतालच्या किती गावांत एकादशीचा जागर चालू असेल, याचा हिशेब कोणाच्याच पुस्तकात लागत नाही.

तो हिशेब मांडायचा तर आधी जागराची उभारणी पाहावी लागते.

वारकरी कीर्तनात मध्ये कीर्तनकार उभा असतो. एका बाजूला मृदंगी. मागे कमान धरून टाळकरी, त्यांच्यात पुढे दोन-तीन गायक, आणि गळ्यात वीणा घालून विणेकरी. मृदंगी बहुधा शिकलेला. गायकही अलीकडे शिकलेले, ‘गायनाचार्य’ म्हणवणारे. टाळकरी म्हणजे गाव. त्यात शेतकरी, पिठाच्या गिरणीवाला, निवृत्त शिक्षक, दहावीतला मुलगा. यांतल्या निम्म्यांना आपला षड्ज कोणता हे सांगता येणार नाही. असे असूनही दोन तास हे सगळे मिळून जे उभे करतात ते कोसळत नाही. का कोसळत नाही, हा संगीताचा प्रश्न आहे. भक्तीने त्याचे उत्तर पूर्ण होत नाही.

पहिले कारण चालीच्या रचनेत आहे. अभंगाला एक धृपद असते. (पुस्तकी शब्द ध्रुवपद, टाळकरी ‘धृपद’च म्हणतात, आणि दरबारी गायकीशी त्याचा संबंध नाही.) धृपद सगळ्यांनी म्हणायचे, चरण गायकाने. पारंपरिक चालींमधली धृपदे मी गेली काही वर्षे पेटीवर काढून पाहतो आहे. मला संगीताचे रीतसर शिक्षण नाही, त्यामुळे हे काम वेळखाऊ झाले. एका चालीला कधी आठवडा लागला. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. धृपदाचा वावर पाच-सहा स्वरांत असतो. त्यात लांब उडी नाही, अवघड कोमल-तीव्राची वळणे नाहीत, श्वास जिथे संपतो तिथे शब्दही संपतो. चरण मात्र मोकळा. तिथे गायकाने तार षड्जाला जावे, आलाप घ्यावा, जौनपुरी दाखवावी की भैरवी, त्याची मर्जी. पण चरणाच्या शेवटी त्याला खाली उतरून अशा जागी यावे लागते की जिथून शंभर माणसे न चुकता धृपद उचलू शकतील. म्हणजे चाल बांधणाऱ्याने दोन मापे घेतलेली असतात: सर्वांत तयार गळ्याचे आणि सर्वांत कच्च्या गळ्याचे. ख्यालाच्या बंदिशीची परीक्षा आपण तिच्यातून किती विस्तार निघतो यावर करतो. इथली परीक्षा वेगळी हवी: चाल किती माणसांना सामावते?

दुसरे कारण मृदंग्याच्या हातात. भजनी ठेका आठ मात्रांचा, अगदी सरळ. तयार मृदंगी त्यात काय काय भरू शकतो ते ऐकण्यासारखे असते. लय चढत जाते, तो उठाव करतो, ठेका दुगुनीत जातो, टाळकरी पावली धरतात. पण मला त्याचे खरे कसब दिसते ते लय घसरते तेव्हा. टाळकऱ्यांची एक बाजू पुढे पळते, दुसरी मागे राहते, आणि मधली माणसे कोणाकडे पाहावे या संभ्रमात पडतात. अशा वेळी चांगला मृदंगी आपली सगळी विद्या बाजूला ठेवतो. परण नाही, तिहाई नाही. नुसता उघडा ठेका, डाव्या पुडीवर जोर देऊन, आठ-दहा आवर्तने. हळूहळू सगळे त्या आवाजाला येऊन मिळतात. कोणाला रागावलेले नसते, कोणाचे टाळ थांबवलेले नसतात. याला टाळकऱ्यांच्या भाषेत ‘सांभाळून घेणे’ म्हणतात. मैफलीतल्या साथीच्या वर्णनात हा शब्दप्रयोग आपण गायकाला सांभाळण्यासाठी वापरतो. इथे शिकलेला एक जण न शिकलेल्या शंभरांना सांभाळतो, आणि तेही आपण सांभाळतो आहोत असे न दाखवता. पखवाजातले नामवंत नानासाहेब पानसे कीर्तनाच्या साथीतून इंदूरच्या दरबारात गेले असे सांगतात. ते सांगताना आपला सूर कायम ‘एवढ्या खालून एवढे वर’ असा असतो. वर जाताना त्यांनी कीर्तनातून काय नेले असेल, हे विचारायला हवे होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती स्वरांची नाही. कीर्तनकार निरूपणाच्या ओघात प्रमाण देतो. म्हणजे एखाद्या अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारतो आणि थांबतो. उरलेली ओळ टाळकऱ्यांनी उचलायची असते. कोणते प्रमाण येणार हे आधी ठरलेले नसते. ज्ञानोबांचे, नाथांचे, तुकोबांचे, नामदेवांचे, कुठलेही. इथे गळा कामाला येत नाही, पाठांतर लागते. मी अनेकदा पाहिले आहे की शिकलेला गायक या क्षणी गप्प असतो आणि ओळ उचलतो तो मागच्या रांगेतला, बेसूर म्हणता येईल असा म्हातारा. तो चार शब्द पुढे गेला की गायकाला ओळ सापडते, मग तो ती सुरात घेतो, आणि मग सगळे. अर्ध्या मिनिटात हे घडून जाते. त्या अर्ध्या मिनिटात तज्ज्ञ कोण होता? स्वराचा तज्ज्ञ एक, शब्दाचा दुसरा, आणि दुसऱ्याशिवाय पहिल्याला सुरुवातच करता आली नसती. वाल्ह्याच्या टाळकऱ्याला माझा प्रश्न का कळला नाही, ते मला अशाच एका क्षणी कळले.

आणि वीणा. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस पहारा असतो, आळीपाळीने माणसे ती गळ्यात घालून उभी राहतात. दिंडीत विणेकऱ्याचा मान सर्वांत मोठा. पण या वीणेवर राग वाजवायचा नसतो. तार छेडत राहायची, बस. ज्याला गाता येत नाही, टाळही नीट येत नाही, त्यालाही पहारा मिळतो. सर्वांत मानाचे वाद्य जिथे न वाजवता येणाऱ्याच्याही गळ्यात पडते असा दुसरा वाद्यमेळ मला माहीत नाही. असला तर वाचकांनी जरूर कळवावे.

इतके लिहिल्यावर माझ्यावर भाबडेपणाचा आरोप होईल, आणि तो होण्याआधी दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. इरावती कर्व्यांनी ‘परिपूर्ती’मधल्या ‘वाटचाल’ या लेखात दाखवून दिले आहे की एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चालणारी माणसे जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत होती. त्यांना हे बोचले, आणि त्यांनी ते लपवले नाही. ज्या चोखोबांचे अभंग मंडपात म्हटले जात, त्यांच्या जातीच्या माणसांना पंढरपूरच्या देवळाचे दार उघडायला १९४७मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. तेव्हा ‘सामावून घेणारी चाल’ असे मी म्हणतो ते चालीपुरतेच. आवाज एकत्र येणे आणि माणसे एकत्र येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरण्याची चूक आपले भाषणबाज लोक दर आषाढीला करतात.

दुसरी कबुली स्त्रियांविषयी. दिंडीत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, डोक्यावर तुळस घेऊन असतात, धृपद म्हणतात. पण टाळकऱ्यांच्या कमानीत त्या क्वचित दिसतात आणि मृदंगावर तर त्याहून क्वचित. शहरांतल्या महिला भजनी मंडळांनी हे आपल्यापुरते उलटवले. मात्र तिथलीही एक गंमत पाहा: पेटीवर बाई, टाळ बायकांचे, गाणे बायकांचे आणि तबल्यावर बहुतेक वेळा मानधन देऊन बोलावलेला एक पुरुष. हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली रेघ इथे अगदी वेगळ्या जागी पडली आहे. त्यावर कोणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे.

आता पैशांकडे येतो, कारण त्याशिवाय ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. कीर्तनाचे देणे-घेणे करू नये हे संप्रदायाचे जुने सांगणे. तुकोबांचा या बाबतीतला कडकपणा प्रसिद्धच आहे. तरीही गावच्या भजनात मोबदला घेणारा माणूस आधीपासून होता. गुरव हा बलुतेदार. देवळातली पूजा आणि वाद्य त्याच्याकडे, आणि त्याबद्दल खळ्यावरचे धान्य. तो ‘व्यावसायिक’ होता. फक्त त्याची बिदागी सुगीला, पायलीने मोजली जायची. १९१७मध्ये विष्णुबुवा जोगांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास, राहणे साधे, माधुकरी मागून जेवण. कोणत्याही जातीच्या मुलाला कीर्तन आणि संतवाङ्‌मय पद्धतशीर शिकता यावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण या शिक्षणाचा एक परिणाम असा झाला की शिकून बाहेर पडलेल्या मुलांना पुढे जगायचे होते. शेती कमी, नोकरी नाही. विद्या मात्र हातात आहे. आज गावोगावच्या सप्ताहांत दिसणारे गायनाचार्य आणि मृदंगाचार्य बहुतेक याच वाटेने किंवा आळंदीत पुढे निघालेल्या अशाच लहान-मोठ्या संस्थांच्या वाटेने आलेले. त्यांनी पाकीट घेतले म्हणून मी त्यांना नावे ठेवणार नाही. वर्षातले काही महिनेच काम असलेल्या माणसाला नीतीचे धडे देणे सोपे असते. पाकीट घेऊनही तो शंभर जणांना सांभाळून घेत असेल, तर जुन्या गुरवाहून तो वेगळा नाही.

मला खटकते ते दुसरे आहे, आणि ते पैशांत नसून तारेत आहे.

आमच्या भागातल्या एका सप्ताहाला मी बरीच वर्षे जातो. पूर्वी देवळाच्या मंडपात कीर्तन होई, ध्वनिक्षेपक एकच, तो कीर्तनकारापुढे. टाळकरी उघड्या गळ्याने म्हणत. मग शामियाना आला आणि त्याच्याबरोबर ध्वनियंत्रणा. आता कीर्तनकाराला एक माइक, मृदंगाला दोन, पेटीला एक, आणि दोन गायनाचार्यांना एकेक. टाळकऱ्यांना नाही. परिणाम असा की धृपद पन्नास जण म्हणतात, पण कर्ण्यातून येते ते दोघांचे. मागच्या रांगेला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. पहिल्या वर्षी माणसे मोठ्याने ओरडून पाहत होती. दुसऱ्या वर्षी ओठ हलवत होती. आता बरेच जण टाळ घेऊन येतच नाहीत. पुढे खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांवर बसतात. गायकही बदलला. त्याला आता खाली येऊन धृपद हाती द्यायची गरज उरली नाही, म्हणून तो वरच राहतो. धृपदालाच ताना घेतो. आणि ज्या धृपदाला तान घेतली ते कोणाला म्हणता येत नाही. प्रमाण आले की तोच पहिल्यांदा उचलतो, न आठवल्यास समोरच्या मोबाइलवर पाहतो. मागचा म्हातारा काय म्हणाला हे कोणालाच ऐकू गेलेले नसते.

ही घसरण सप्ताहाच्या मांडवात सुरू झाली असे मात्र मी म्हणणार नाही. तिची चव आपल्याला आधी रंगमंचाने लावली. राम फाटकांनी चाल दिलेला आणि भीमसेन जोशींनी गायलेला ‘तीर्थ विठ्ठल’ मी शेकडो वेळा ऐकला असेन, पुढेही ऐकेन. त्या चालीत आणि त्या गळ्यात काय आहे ते मी सांगण्याची गरज नाही. शिवाय तिच्यात एक गोष्ट उरलीच होती: नामाचा गजर असा बांधलेला, की श्रोते आपसूक म्हणू लागत. पुढे ‘अभंगवाणी’ नावाने जे हजारो कार्यक्रम झाले त्यांत एक साचा ठरून गेला. मध्ये गायक, मागे टाळ घेतलेले चार जण, फेटे सारख्या रंगाचे. टाळकरी हे तिथे दिंडीचे चित्र होऊन बसतात. ते नसले तरी गाणे पडत नाही. डॉ. अशोक रानडे यांनी संगीताचे आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम असे सहा वर्ग करून आपल्याला नीट पाहायला शिकवले, त्याचे ऋण मोठे आहे. पण ते वर्ग संगीताचे आहेत. एखादे संगीत एका वर्गातून दुसऱ्यात गेले तर गाणाऱ्यांचे आपसातले नाते काय होते, हे समीक्षकाने कार्यक्रमागणिक पाहावे लागते. वृत्तपत्रांतली परीक्षणे गायकाची तयारी सांगतात, निवेदकाचे कौतुक करतात आणि संपतात. श्रोत्यांनी काय म्हटले, त्यांना म्हणता आले का, चाल त्यांच्यासाठी कुठे खाली आली, याची एक ओळ नसते.

मागच्या वर्षी त्याच सप्ताहात हरिपाठाच्या वेळी वीज गेली. जनित्र सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे लागली. या घटनेचा मोह टाळून सांगतो: लगेच काही बहरले वगैरे नाही. आधी तर सगळे विस्कटले. टाळ एकमेकांत मिसळेनात, दोन ठिकाणी दोन वेगळे अभंग सुरू झाले. सवय मोडली होती, दुसरे काय होणार? मृदंगी तेविशीतला, आळंदीत शिकलेला. त्याने हात थोडा वेळ थांबवला, ऐकले आणि उघडा ठेका धरला. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला उजवी बाजू आली. डावी बाजू येईपर्यंत दिवे लागले, आणि गायकाने पुन्हा माइक घेतला.

नंतर मी पंचांना भेटलो. टाळकऱ्यांच्या रांगेवर दोन माइक टांगावेत आणि गायकांचा एक कमी करावा, अशी सूचना केली. माइकवाला म्हणाला, टाळांपुढे माइक शिट्टी मारतो. मृदंगी म्हणाला, उंच टांगला तर नाही मारणार, आळंदीला एका मठात तसे केलेले त्याने पाहिले आहे. गायनाचार्य काही बोलले नाहीत. पंचांपैकी एकाने विचारले, ‘पण रांगेत उभे राहायला माणसे आहेत का?’ मी मोजून आलो होतो; त्या रात्री टाळ हातात असलेले एकोणीस जण होते. आकडा सांगितला. पुढची बैठक मार्गशीर्षात आहे.